टोपण

शिवलिंगव्वाचा इराप्पा कणकुंबीकडं
कुणाच्या तरी मळ्यात कामाला लागला,
आणि जांबोटीच्या बसमधनं, मांडीवर धरून,
चपटा डबा घेऊन आला. वरनं पारदर्शक.
आत लाल.

मी वडगावात ब्लाऊज शिवते, तीस वर्षं.
लाल म्हटलं की मला चाळीस लाल ठाऊक.
हे त्यातलं एकही नव्हतं.

"अक्का, डबा आधी उलटा करून बघायचा.
तळाच्या कागदावर डाग असला
तर दुकानदार काहीही सांगू दे, घ्यायचं नाही."
लई चकाकतं ते कच्चं. पिकलेलं जरा मळकट दिसतं,
आणि झाडावर नुसता हात लावला
की गाभा देठाला ठेवून हातात येतं.
म्हणून आतनं पोकळ.

मी एक उचलून करंगळीवर चढवलं.
नेमकं बसलं. शिवणाचं टोपण!

शिवलिंगव्वा चाळण घेऊन नळाकडं निघालेली.
"तोळीब्याड!" पोरगं ओरडलं.
धुवायचं नाही. खायच्या वेळी धुवायचं, तेही
बाळाची टाळू भिजवतात तेवढ्याच पाण्यानं.
तोवर फ्रीजमध्ये, पसरट ताटात, एकच थर.
खाली मी अस्तराची उरलेली चिंधी घातली,
सुती, ओल पिणारी.
एकावर एक रचलं तर खालचं रडतं.
बुरशी दिसली तर ते काढा, शेजारचंही काढा,
ह्या फळाला शेजार लगेच लागतो.

आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो.
आमची मधली भिंत एकच.

पहिल्या दिवशी नुसतं खाल्लं.
दुसऱ्या दिवशी कुंद्यावर चार चार ठेवली,
गोडमिट्ट कुंदा जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखा वागला.
तिसऱ्या दिवशी मऊ पडलेली पातेल्यात,
निम्मी साखर, पाणी थेंबभर नाही, लिंबू शेवटी.
बिया गाळूया, ती म्हणाली. मी म्हटलं, राहू देत,
दातांना काम नको काय?

आणि तेवढ्यात एक शिंतोडा उडाला
खासबागच्या मास्तरीणबाईंच्या
सायीच्या रंगाच्या ब्लाऊजवर,
नेमका बाहीवर.
उकळतं पाणी उंचावरनं ओतलं. फिकटला.
गेला नाही.

शिवलिंगव्वानं चष्मा लावला, धागे मोजले,
आणि कसुतीचा एवढासा रथ
डागावर उभा केला. पुढं गाठ नाही, मागं गाठ नाही.
मग दुसऱ्या बाहीवरही, नाहीतर संशय येईल.
"हे कुठं सांगितलं होतं मी?" मास्तरीणबाई.
"नवीन फॅशन आहे. पन्नास रुपये जास्त."
दिले.

रात्री गल्लीतल्या पोरींनी फळाचं नाव विचारलं.
इराप्पा डब्यावरचं वाचायचा, रासबेरी,
पण नव्या चपलेसारखं
ते त्याच्याही तोंडाला चावत होतं.
शिवलिंगव्वाकडं कानडीत नव्हतं.
माझ्याकडं मराठीत नव्हतं.

ताटाच्या काठाशी एक चुकून राहिलेलं.
तिनं ते करंगळीवर घालून पोरींना दाखवलं.
मी म्हटलं, टोपण.
ती म्हणाली, नाही, टोप्पिगी.
टोपण. टोप्पिगी. टोपण.

भांडण मिटायच्या आत
तिनं ते खाऊन टाकलं.