वल्लं वजन

केळीच्या काट्यावर दुपारी तीनला ट्रक नसतो.
तेव्हा गेले, तीन सॅक घेऊन:
माझी जुनी, एक नाशिकहून मागवलेली
आणि एक सावद्याच्या रेक्झिनवाल्या मुश्ताकने शिवलेली,
पॅराशूटसारख्या कापडाची,
आत फ्रेम नाही, कंबरेला नुसती पट्टी,
उजेडात धरली तर आतला हात दिसतो.

होडी अडीच किलोची, फुगवायची.
वल्हं चार तुकड्यांत. जाकीट. पातेलं.
कळण्याच्या भाकरी, ठेचा, काडेपेटी डबीत.
पालच्या जंगलातून चालत सुकीला उतरायचं,
पाणी मांडीला लागलं की होडीत बसायचं
आणि तापी येईपर्यंत उठायचं नाही.
दोन दिवस माझ्या पाठीवर होडी,
मग एक दिवस होडीच्या पाठीवर मी.
फिटंफाट.
सॅकला तेवढी सुट्टी नाही.

उखर्डूभाऊंनी घडांच्या आकड्याला सॅक अडकवल्या.
काटा क्विंटलचा, हललाच नाही.
मग आतून मसाल्याचा काटा आणला,
चष्मा कपाळावर चढवून आकडे वाचले:
एकोणीसशे. चौदाशे. सातशे चाळीस.
मी मुश्ताकला फोन लावणार, तोच म्हणाले,
“अन् वल्ली झाल्यावर?”

मी गप्प.

“आम्ही घड मोजतो तं दांडा वजा धरतो.
तुह्या धंद्यात पानी जमा धरा लागीन, माय.”

बाजूला केळी धुवायचा हौद, तुरटीचं पाणी.
तिन्ही बुडवल्या. निथळायला टांगल्या.
तेवढ्यात चहा झाला, दुसऱ्यांदाही झाला.
जुनी: एकतीसशे.
ज्या जाड गाद्यांनी सात वर्षं
माझे खांदे सांभाळले,
त्या हौद पिऊन बसल्या होत्या.
नाशिकची दोन हजाराच्या वर.
मुश्ताकची आठशे दहा,
आणि तेही पट्ट्यांमुळे.

मला वाटलं, झालं.
उखर्डूभाऊंनी तीत दोन विटा टाकल्या,
पाठीला लावली, काट्याभोवती चार फेऱ्या मारल्या,
सदऱ्यावर ओला चौकोन उठला.
“टोचते,” म्हणाले. “इथं. मनक्याले.”

विटा काढल्या. होडी आणली गाडीतून.
घडी घातली, आत थोडी हवा राहू दिली,
पाठीच्या बाजूने सरकवली,
बाकी सामान तिच्यामागे.
पुन्हा चार फेऱ्या, या वेळी मी.
काहीच टोचेना.
जे वाहायचं होतं, त्यानेच पाठ धरली.

अंधार पडायच्या आत ट्रक आला,
गडबडीत जुनी सॅक आकड्यावरच राहिली.
तापीवरून परतताना, पाचव्या दिवशी, थांबले.
ती वाळून कडक झाली होती,
खिळ्याला लटकत होती,
आणि तिच्यात दांडे छाटायचे तीन कोयते.
उखर्डूभाऊ जेवायला गेले होते.
मी पाणी प्यायले,
तिचा एक सुटलेला बंद आत खोचला,
आणि निघाले.