कोंडी

तिचं अंग आधी सोलून सपाट करून घ्यावं लागतं:
पाठ इकडं, पोट तिकडं, दोन्ही हात
कोपऱ्यात वाळत टाकल्यासारखे.
हजार चोवीस ठिपके आडवे, तितकेच उभे.
तेवढ्या चौकोनात मी इरकल बसवते.

खेळातल्या बाईला साडी नेसता येत नाही.
बनवणाऱ्यांनी तिला झगे दिलेत, चड्ड्या दिल्यात,
बर्फात घालायचे बूट दिलेत.
म्हणून एक पायघोळ झगा घ्यायचा
आणि त्याच्यावर निऱ्यांच्या नुसत्या सावल्या रंगवायच्या,
निऱ्या आहेत असं वाटेपर्यंत.
पदर अंगाला चिकटूनच राहतो.
ती बसमागं धावली तरी उडत नाही.

वडगावात रात्री साडेअकराला
गल्लीभर पावरलूम चालू असतात.
टेबल त्या खटखटीत थरथरतं, माउस थरथरतो
आणि काठाची रेघ एका ठिपक्यानं सरकते.
मग एकदम सगळं गप्प.
करंट गेला.
बत्तीस माग आणि माझं एक मशीन
एकाच क्षणी थांबतात.
त्यांचं कापड मागावर तसंच असतं.
सेव्ह न केलेला पदर तेवढा माझा जातो.

फाईलीला नाव दिलं होतं ‘गोमी काठ’.
खेळानं दाखवले नुसते चौकोन.
कानडीत लिहून बघितलं.
तेच चौकोन.
त्याला दोन्ही सारखीच.
शेवटी नाव ठेवलं ‘रेड ४’.

आप्पा चहाचा कप घेऊन मागं येऊन उभे राहतात,
चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला लागेल इतकं जवळ.
"ह्यात ताणा कुठाय?"
नाही म्हटलं.
"बाणा?"
तोपण नाही.
"मग कापड कशाला म्हणालीस?"
मी गप्प.
मग स्वतःच मोजायला लागतात एकेक ठिपका,
ओठ हलवत, पंचकार्डाची भोकं मोजायचे तसे,
आणि सांगतात,
"पदरावरचा तिसरा टोप एका घरानं बुटका हाय."
होता.

पण मला छळत होती ती शिवण.
नकाशात पाठ संपते एका टोकाला,
पोट सुरू होतं भलतीकडंच.
अंगावर चढवलं की दोघं शेजारी येतात
आणि बगलेखाली काठ तुटतो,
मधे केसाएवढी पांढरी रेघ.
तीन रात्री ती रेघ पुसत होते.

"कोंडी घाल की," आप्पा म्हणाले.
अंगाचं सूत वेगळं, पदराचं रेशीम वेगळं,
ह्याचा फास त्याच्यात, त्याचा ह्याच्यात,
गाठ कुठंच नाही.
डाव्या हाताचं बोट उजव्या बोटात अडकवून
त्यांनी जोरात ओढून दाखवलं.
नखांत दुसऱ्याच्या मागाचं ग्रीस होतं.
त्यांचा हातमाग मी तिसरीत असताना गेला,
ही बोटं त्यानंतर आज पहिल्यांदा अशी अडकलेली बघितली.

इकडचे चार ठिपके मी तिकडं नेले,
तिकडचे चार इकडं.
रेघ गेली.
म्हणजे, गुडघ्यापाशी थोडी दिसते अजून. राहू दे.

आठवड्याभरात चार हजार जणींनी घेतली ती साडी, फुकट.
चिली देशातल्या एकीनं फोटो पाठवला:
स्वयंपाकघरात चूल भडकलेली,
आणि गोमी काठाची साडी नेसलेली बाई
दोन्ही हात वर करून किंचाळत्येय.
आप्पांनी बराच वेळ बघितला.
"पेटली काय साडी?"
नाही आप्पा, ह्यात कपडे पेटत नाहीत.
"इटतात?"
नाही.
"फाटतात तरी?"
कधीच नाही.
कप विसळायला मोरीकडं जाता जाता ते थांबले.
"मग दुसरी कोण घेणार गं?"