नमुना आकार: शंभर

शंभर फॉर्म हवेत, सरांनी बजावलंय.
एकसष्ट झाले.
कोपरखैरण्याच्या झेरॉक्सवाल्याच्या कट्ट्यावर
मी पेनं वाटत बसते. फॉर्म परत येतात, पेनं येत नाहीत.

डिमॅट खातं आहे का? बहुतेकांचं आहे.
कुणाच्या सल्ल्याने उघडलं? या रकान्यात
आई नाही, वडील नाहीत, सर तर नाहीतच.
टेलिग्राम, टेलिग्राम, टेलिग्राम,
एका ठिकाणी 'जिमचा ट्रेनर'.

अपेक्षित परतावा किती टक्के, तर
घणसोलीची हर्षाली म्हात्रे फिस्सकन हसली.
आमच्यात टक्के म्हणजे साडेबाराच गं,
सिडकोचे. आजोबांच्या भातखाचराचे.
ते विकून काकाने गाडी घेतली,
गाडी विकून काय घेतलं, तेही लिहू?
लिहिलं नाही. 'सांगता येत नाही'वर फुली मारली.

शार्दूलने 'जोखमीची तयारी' पुढे
'कमी'वर खूण केली,
पेन्सिलीने.
परीक्षेची फी त्याने ऑप्शनमध्ये घातली होती,
एक्स्पायरीच्या दिवशी सव्वातीनपर्यंत ती पुरली.
मला ठाऊक आहे, कारण दंडासकट मी भरलीय ती,
माझी एसआयपी चार महिने थांबवून.
हे कुठल्या तक्त्यात बसवू?

रात्री एक फॉर्म बाबांपुढे ठेवला.
बाबा नमुन्यात बसत नाहीत,
कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही,
बावीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात
बाजार पाठीवर घेतात.
'बाजाराविषयी तुमची जाणीव: उत्तम, मध्यम, अल्प'
हे त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचलं.
मग खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला,
खालून तीन बोटं दाबली,
थांबले,
करंगळी अर्ध्यावर मुडपली.

पूर्वी असा ठरायचा भाव, म्हणाले,
दोघांतच. तिसऱ्याला दिसायचा नाही.
तुम्हाला आता सगळा दिसतो ना?
दिसतो, म्हटलं. हिरवा, लाल.
मग बरं आहे, म्हणाले
आणि आडवे झाले. दोनला नाशिकची गाडी लागणार होती.

एकोणचाळीस राहिलेत.
वेगवेगळ्या अक्षरांत भरायला बसलेय,
काही डाव्या हाताने.
सगळ्यांना 'मध्यम' देतेय, संशय येऊ नये म्हणून.
करंगळी अजून सरळ होत नाही.
कुठल्या मालाचा भाव होता तो,
विचारायचं राहूनच गेलं.