समान वाटे

श्रूजबरीजवळ सेव्हर्न अशी वळते
की जणू काही घरी विसरलं म्हणून मागे फिरली.
तिच्या नि गल्लीच्या मधे कौन्सिलची जमीन:
खाली गल्ली, सरळ पट्टीसारखी, एकशेवीस मीटर;
वर नदी, तिला वाटेल तशी.
भाजी लावणारे पाच जण. भाडं सगळ्यांना सारखं.

माझ्या आधीच्या साहेबांनी
गल्लीच्या कडेने चोवीस चोवीस मीटर मोजले,
खुंट्या ठोकल्या आणि निवृत्त झाले.
मधल्या तादेऊशला आठ गुंठे आले,
शेवटच्या ग्वेनेथबाईंना सव्वादोन.
(गुंठे मी मनातच करते. फायलीत चौरस मीटर.)
अकरा वर्षं बाई दर मार्चला पत्र लिहायच्या,
निळ्या शाईत, सभ्य, शेवटी नेहमी
‘आपल्या सवडीने’.
नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतो आपण;
इथे अंगण खरंच वाकडं होतं.

टेप घेऊन गेले. दर वीस मीटरवर
गल्लीपासून पाण्यापर्यंत चालले:
आठ. तीस. शेहेचाळीस. चौतीस. वीस. बारा. सहा.
तिसऱ्या खेपेला एक बूट चिखलाने ठेवून घेतला.
रात्री ओट्यावर आलेख-कागद पसरून ठिपके जोडले,
नदी उठून उभी राहिली, एक कुबड, मग लांब शेपूट.
क्षेत्रफळ.
शाळेपासून लिहीत आलेय हा शब्द,
त्यात एक फळ आहे, ते वाटायचं असतं,
हे पन्नाशी उलटल्यावर दिसलं.

डावीकडून बेरीज करत निघायचं,
पाचवा हिस्सा भरला की थांबायचं, रेघ ओढायची.
कुबडाखाली रेघा दाटीने येतात,
शेपटाकडे येता येत नाहीत.
तादेऊशला साडेचौदा मीटर रुंदी.
ग्वेनेथबाईंना साडेचव्वेचाळीस.
दोघांनाही सहा गुंठ्यांना जरा कमी.

चौथी रेघ ओढत होते तेव्हा उल्हासचा फोन.
बार्शीचं घर गेलं, पैसे आले.
निम्मे निम्मे करू ना गं?
म्हटलं, थांब, मोजू दे.
तो हसला: यात मोजायचं काय?

माझा पट्टा बावीस वर्षं रुंद.
दर रविवारी फोन, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का,
वाफ्यात बोटभर पाणी साचावं इतका खोल.
तुझा नऊ महिन्यांचा.
तिची कूस बदलणं, चादरी, पहाटे तीनला
मला हाक मारणं आणि तू ‘ओ’ देणं.
आडवी रेघ माझ्याकडे आहे, अगदी तारखांसकट.
उभी उंची तू कधी सांगितली नाहीस,
मी कधी टेप घेऊन आले नाही.
नऊ गुणिले किती, उल्हास?

बोलले मात्र एवढंच: बरं. बघू. इथे ऊन पडलंय.
रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

एप्रिलमध्ये नव्या खुंट्या, नवी सुतळी.
तादेऊश आपल्या पट्ट्यात हात पसरून उभा राहिला,
बघ, म्हणाला, ही जमीन आहे की बोळ?
ग्वेनेथबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
रुंद आहे खरं, पण नदी त्याच्याकडे जास्त आहे.
मी आकडे दाखवले. दोघांनी मान डोलावली,
दोघांनाही पटलं नाही.

सप्टेंबरात पाहणीला गेले.
बाईंच्या भोपळ्याचा वेल सुतळीखालून सरकत
शेजारचा कांदा ओलांडून थेट तादेऊशकडे पोचलेला,
आणि फळ धरलं ते तिथे, त्याच्या बोळात.
त्याने त्याच्याखाली फरशी सारली होती, कुजू नये म्हणून.
विचारलं, कुणाचा हा?
तो म्हणाला, मोज की.

वहीत ‘अतिक्रमण’चा रकाना होता.
मी तिथे एक भोपळा काढला, गोल,
आणि पुलावर येऊन उल्हासला फोन लावला.
तिकडे रात्र असणार, हे या वेळी
लावण्याआधी मोजलं होतं.