काटा

होळी जळून दोन दिवस झाले.
सारसोळ्याच्या जेट्टीवर अजून राखेचं वर्तुळ,
त्यात काळी पडलेली करवंटी.
मी रात्रपाळी संपवून रबाळ्याहून सरळ इथेच.
बूट तेच, डोळे तेच,
पान्याऐवजी हातात रॉड, एवढंच.

पावणेसात.
भरती वीतभर उरलेली.
पाणी तिवरांच्या मुळांत शिरतंय
उशिरा घरी आलेल्या माणसासारखं,
चपला हातात घेऊन.

पलीकडे गुलाबी पाखरांचा थवा चिखल चाळतोय.
त्यांचे फोटो काढायला लोक वाशीहून येतात.
माझ्याकडे पाठ करून उभे राहतात,
मी फ्रेममध्ये नको म्हणून.

पहिला फेक वाया.
दुसरा तिवराच्या फांदीत,
साडेतीनशे रुपयांचा ल्यूर, शिवी आणि कात्री.
तिसऱ्याला नवा बांधला: चांदीच्या पाठीचा, लाल गळ्याचा,
खोटा बोय, खऱ्याहून देखणा.
ओढ, थांब.
ओढ, थांब.
थांब

आणि पाण्यात कुणीतरी दार आपटलं.

रील ओरडली.
दोरी तिवरांकडे निघाली, तिथे गेली तर संपलं,
कालवांच्या धारेवर ब्रेडसुद्धा सुतासारखी तुटते.
अंगठा रीलवर, कोपर बरगडीत,
मी मागे, मागे, राखेत पाय.
तो एकदा उसळला, डोकं झाडलं,
कल्ले वाजले, खरंच वाजले,
टिनाच्या डब्यात नाणी वाजावीत तसे.
माझ्या हातावर काटा.
बारा मिनिटं असावीत. चांगुणा मावशी म्हणते,
"अर्धा तास झाला, माजी कोलंबी निवडून झाली."

जिताडा.
ताणकाट्यावर सहा किलो, वर थोडं.
डोळा तांब्याचा, मागून दिवा लावल्यासारखा.
मी त्याला ओल्या फडक्यात धरलं,
जबड्यातला गळ पकडीने उलटा फिरवला,
पायरीवर बसून पाण्यात धरून ठेवलं,
तोंड भरतीकडे.
श्वास. श्वास.
मग शेपटीचा एक फटका माझ्या तोंडावर,
खारट,
आणि तो नाही.

"खावाचा नाय त धरतस कनाला रं?"
मावशीने टोपली खाली ठेवली.
सहा किलो म्हणजे किती, ते तिच्या तोंडावर लिहिलेलं,
बाजारभावासकट.
मी हसलो.
मग तीच म्हणाली, समजूत घालावी तशी,
"दया हाय तुजे मनान."

मावशी, दया नाही.
आमच्या टाकीला एक मीटर आहे.
त्याचा काटा हिरव्यात असावा लागतो.
रात्री दोनच्या सुमाराला तो लालात जातो,
तेव्हा मी रजिस्टरमध्ये हिरवा लिहितो,
आणि झडप उघडतो.
पाणी नाल्यात, नाला खाडीत, खाडी तुझ्या टोपलीत.
सही माझीच असते, सुवाच्य.

हे मी बोललो नाही.
रॉडचे दोन तुकडे केले, पिशवीत भरले,
गोड्या पाण्याने रील पुसली,
मीठ खातं ना ती, जपावी लागते.

उतरती लागली होती.
तिने टोपलीतून दोन बोय काढले,
पिशवीत घातले, पैसे घेईना.
"पोरीला घाल. रिकाम्या हाती जातंस रोज."

नको म्हणायला कारण लागतं.
माझ्याकडे होतं.
मी पिशवी घेतली.

दुपारी झोपेतून उठलो तर घरभर आमसुलाचा वास.
उर्वी ताटावर बसलेली, सहा वर्षांची,
पाय हलवत.
"बाबा, काटा?"

मी बोटांनी चाचपून
एक काढला, दुसरा काढला,
पाठीतला केसासारखा बारीक, तोही.
ताटाच्या कडेला ओळीत ठेवले.
उजेडात घास धरून पुन्हा पाहिला.

"आता नाही," म्हटलं.
तिने तोंड उघडलं.