सोबत एक माणूस आणावा

कॅनडा कॉर्नरच्या दवाखान्यात
सिस्टर ग्लोरिया साळवेंनी सूचनांचा कागद दिला
आणि पेनानं तीन ठिकाणी खुणा केल्या.
मी चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
छापील तावांतले दोष शोधले.
कागद कसा वाचायचा, मला कुणी शिकवू नये.

तीन दिवस बिया नकोत.
म्हणजे पेरू नको, टोमॅटो नको, तिळाची चटणी नको,
आणि फेब्रुवारीत, नाशकात, द्राक्षं नकोत!
पिंगळ्यांनी ओझरहून आणलेली पेटी
न उघडताच वरच्या मजल्यावर पाठवली.
लोहाची गोळी आधीच थांबवलेली.
रक्त पातळ करणारी गोळी, साखरेची गोळी
स्वतःच्या मनानं बंद करू नये, विचारावं:
इथं पहिली खूण.
मी विचारलं.
मनानं बऱ्याच गोष्टी बंद केल्या होत्या आजवर.

आदल्या दिवशी फक्त आरपार दिसेल असं:
शहाळं, गाळलेलं वरणाचं पाणी, बिनदुधाचा चहा.
लाल काही नको, कोकम नको, डाळिंब नको,
आत तो रंग रक्तासारखा दिसतो.
शाईचा मुद्दा होता, लगेच पटला.

संध्याकाळी पुडी, दोन लिटर पाण्यात.
गंगापूर धरणाचं गोड पाणी, त्याची ही दशा:
समुद्राचं आणि संत्र्याच्या गोळीचं लग्न लागलंय
आणि दोन्हीकडचे वऱ्हाडी नाराज.
थंड करून, नळीनं ओढून प्यावं,
हे कागदावर नव्हतं, सिस्टरनं कानात सांगितलं.
पुढचं वर्णन शालिनीनं केलं असतं,
असती तर, दाराबाहेरून, हसू दाबत.
एकटे असाल तर आतून कडी लावू नका.

उरलेलं अर्धं पहाटे.
कारखान्याचा भोंगा नाही, तरी उठलो.
शेवटी पिवळसर, नितळ, तळ दिसेल असं.
दिव्याखाली धरून पास केलं असतं मी.

दुसरी खूण: सोबत एक सज्ञान माणूस आणावा.
रिक्षावाला चालणार नाही.
मुलगी ब्रेमेनला. पिंगळे कारखान्यात.
उरला बोराडे.
त्याच्या पाळीतला एक ताव मी नापास केला होता,
एका आकड्याची शेपटी तुटलेली,
आणि त्याची बढती गेली.
नऊ वर्षं बिटको चौकात एकाच टपरीवर
आम्ही वेगवेगळ्या वेळी चहा प्यायलो.
"उद्या सकाळी मोकळा आहेस का?"
बराच वेळ फक्त रहदारीचा आवाज.
मग म्हणाला, "मीपण उपाशीच यायचं का?"

डावी कूस. गुडघे पोटाशी.
डॉक्टर गायधनी म्हणाले, आता दिवा आत जाईल.
किती वॅटचा, असं विचारणार होतो,
तेवढ्यात खोली संपली.

जागा झालो तर पोटाचा फुगा.
हवा भरलेली असते, सोडा, लाजू नका, सिस्टर म्हणाली.
पडद्यापलीकडून कुणीतरी आधीच सोडत होतं.
डॉक्टरांनी म्हणे सगळं नीट समजावलं,
मी म्हणे मान डोलावली, आभारही मानले.
मला त्यातलं अक्षर आठवत नाही.
तिसरी खूण त्यासाठीच होती:
गुंगीत ऐकलेलं टिकत नाही,
सोबतच्यानं लिहून घ्यावं.

बोराडेनं लिहिलं होतं, हॉटेलच्या बिलामागे:
'एक पॉलिप. वाटाण्याएवढा. काढला.
तपासायला पाठवला, दहा दिवस.
पुढची तपासणी कधी, ते रिपोर्टवर.
आज गाडी नाही. सही नाही, कशावरच.
मऊ भात, ताक. मिसळ नाही. (मी खाल्ली.)
रक्त थोडं दिसलं तर घाबरू नको.
जास्त, किंवा पोटात कळ, ताप, चकर,
तर रात्री कितीही वाजता,
आधी दवाखाना, मग मी.'

सवयीनं मी ते उजेडाकडे धरलं.
शेवटून चौथ्या ओळीत
एक क सुटला होता... नाही, तिसऱ्या.
गुंगी होती अजून.

काही बोललो नाही.
घडी घालून खिशात ठेवलं.