हे स्पष्ट, की हे?

दिवसभर मी लोकांना एकच विचारते :
हे स्पष्ट, की हे?
काच फिरवते. पुन्हा विचारते.
आता? की आधीचं?
मुलुंडला, छेडा शेठच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत
हनुवटी टेकवून बसलेली मोठमोठी माणसं
शाळेत तपासणीला आल्यासारखी वागतात.

फॉर्मची शेवटची तारीख आज. संध्याकाळी सहापर्यंत.
मला चोवीस वर्षं नऊ महिने झालेत.
यानंतर हा प्रश्न मला कुणी विचारणार नाही,
मीसुद्धा नाही.

शरीरावरची ओळखखूण, या रकान्यात लिहिलं :
डाव्या गुडघ्याखाली टाक्यांचा व्रण.
कन्नमवार नगरच्या मैदानात, कबड्डीत, कुणी ढकललं
ते नाही लिहिलं. तेवढी जागा नसते.
कारणं लिहायलाही जागा नव्हती, ते बरंच झालं.
देश हा शब्द माझ्या तोंडात
अजून नव्या चपलेसारखा चावतो.
खरं सांगायचं तर एकोणीस हजार पगार आहे,
आणि रविवारी कुणीतरी घरी येतं,
माझी उंची बघतं
आणि मग आईकडे बघतं.
खरं सांगायचं तर मला एकदा
दुसऱ्या कुणाच्या तरी शिट्टीवर उठायचंय,
पाय कुठे टाकायचा हे न ठरवता
चालून बघायचंय.

आणि एक कुणालाच सांगितलेलं नाही.
कॉलेजात, एनसीसीच्या कॅम्पला, पाच गोळ्या मिळाल्या होत्या.
खांदा चार दिवस निळा.
समोर कागदाचा माणूस, त्याला डोळे काढलेले नव्हते.
तीन लागल्या.
आवडलं होतं मला.
रात्री तंबूत हाताचा वास घेत पडून राहिले
आणि त्या आवडण्याचीच भीती वाटली.
आता डोळे असलेला माणूस समोर आला तर
मी आधी त्याचा नंबर ओळखीन,
एवढी सवय झालीय.

आई म्हणाली, मला विचारू नकोस.
हो म्हटलं तरी माझ्यावर येईल,
नाही म्हटलं तरी माझ्यावरच.
मग मशीनवर बसली
आणि एकाच शिवणीवरून दोनदा टीप मारली.

म्हणून परवा तुळशीदास मामाकडे गेले, परळला.
सतरा वर्षं पलटणीत काढली,
आता सत्तेचाळीस मजल्यांच्या टॉवरच्या गेटवर असतो.
गाड्यांना सलाम ठोकतो,
पण कोपर अजून परेडचंच.
विचारलं, मामा, जाऊ?
त्याने रजिस्टरात एका पांढऱ्या गाडीचा नंबर लिहिला,
वेळ लिहिली, पेनाचं टोपण लावलं.
म्हणाला, बूट अर्धा नंबर मोठा घे.
आणि संध्याकाळी घे, दिवसभराने पाय सुजलेले असतात.
मी म्हटलं, हे नव्हतं विचारलं.
तो म्हणाला, माहितेय.
मामाला डाव्या कानाने ऐकू येत नाही.
मी उजव्या बाजूला उभी होते.

काल संध्याकाळी बुटांच्या दुकानापर्यंत गेले.
आत नाही गेले.

पाच चाळीस. शेठच्या कॉम्प्युटरवर फॉर्म भरलेला,
खाली एक हिरवं बटण.
तेवढ्यात गोडांबे बाई आल्या, चाळिशी बदलायला,
आणि शेठ बाहेरून ओरडले, आधी बाईंना बघ.

हनुवटी टेकवा. इकडे बघा.
हे स्पष्ट, की हे?
पहिलं.
आता? की आधीचं?
आताचं. बहुतेक.
आता?
बाई थांबल्या. गणित चुकल्यासारख्या ओशाळल्या.
काही कळत नाही गं, म्हणाल्या,
दोन्ही सारखंच दिसतंय.

आम्हाला शिकवलंय :
दोन्ही सारखं दिसायला लागलं
की काच फिरवणं थांबवायचं.
नंबर लागला.

मी तो लिहून घेतला. दिवा लावला.
बाई उजेडाला डोळे मिचकावत बसून राहिल्या.
भिंतीवर सहाला सात कमी,
आणि ते घड्याळ, शेठ म्हणतात, पाच मिनिटं पुढे आहे.